फ्रीजरमधलं अंडं

माइकचा आवाज येतोय ना मागेपर्यंत? बरं. हे माझ्या हातात आहे ते साधं कोंबडीचं अंडं, येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतलं. आता याच्या जवळजवळ दुप्पट अंडं डोळ्यासमोर आणा, एका टोकाला चांगलंच निमुळतं, रंग हिरवट निळा, आणि वरून कुणीतरी पेन चालतंय का बघायला गिरगटल्यासारख्या काळ्या रेघा. हे गिलेमॉटचं अंडं. हा पक्षी घरटं वगैरे भानगडीत पडत नाही, समुद्रकड्यावर उघड्या दगडावर एकच अंडं घालतो, झालं.

स्वीडनमध्ये गोटलंडजवळ स्टोरा कार्ल्सो नावाचं छोटं बेट आहे, तिथे यांची हजारो जोडपी असतात. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तिथली थोडी अंडी दरवर्षी स्टॉकहोमच्या म्युझियमसाठी गोळा होतात, कवचाला पोटाशी बारीक भोक पाडून आतलं सगळं बाहेर काढतात, थोडं तपासतात आणि उरलेलं गोठवून ठेवतात. माझं आजचं सगळं बोलणं या 'उरलेलं गोठवून ठेवतात' वरच आहे.

हे सुचलं कुठून, तर १९६४ च्या सुमाराला सोरेन येन्सेन नावाचा केमिस्ट तिकडच्या प्राण्यांमध्ये डीडीटी, म्हणजे ते कीटकनाशक, शोधत होता. तपासणीच्या आलेखावर प्रत्येक रसायनाचं आपलं एक टोक उमटतं, तर त्याच्या आलेखावर डीडीटीशिवाय काही अनोळखी टोकं यायची, ती कशाची तेच कळेना. मग त्याने म्युझियममधली गरुडाची जुनी पिसं काढली (हा गरुड म्हणजे आपल्या कोकणातल्या काकण नावाच्या समुद्री गरुडाचा चुलतभाऊ), स्वीडनमध्ये डीडीटीचा वापर सुरू व्हायच्या आधीची, तर त्यातही तीच टोकं. म्हणजे डीडीटीचा संबंधच नाही! ते निघालं पीसीबी, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात, रंगात घालायचे ते. १९६६ मध्ये त्याने हे जाहीर केलं, आणि तोवर त्याला ते स्वतःच्या बायकोच्या आणि तान्ह्या मुलीच्या केसांतही सापडलं होतं. लहान बाळाच्या केसात कुठून येणार, तर आईच्या दुधातून असणार, असा त्याचा अंदाज.

अंड्याचंही तसंच असतं हो. पीसीबी चरबीत विरघळतं आणि शरीराला ते मोडता येत नाही, त्यामुळे प्लवकातून माशात, माशातून पक्ष्यात असं साठत जातं, आणि मादी बलकात चरबी भरते तेव्हा ते बरोबर जातं. गिलेमॉट खातो स्प्रॅट, आपल्या तारलीसारखा बारका मासा, आणि या बेटाभोवतीचा बाल्टिक समुद्र म्हणजे जवळजवळ बंद तळंच, पाणी बदलायला काही दशकं लागतात. डीडीटीचा जो अंश शरीरात उरतो तो अजून एक उद्योग करतो, कवचाच्या ग्रंथीत कॅल्शियम पोचू देत नाही, मग कवच पातळ होतं.

या दोन्हींवर बंदी आली, अंड्यांमधलं डीडीटी आणि पीसीबी दोन्ही उतरत गेलं. इथवरची गोष्ट सगळे सांगतात.

पण फ्रीजर चालूच होता. पुढे पीएफओएसचं नाव निघालं, गालिच्यावर डाग पडू नये म्हणून, आग विझवायच्या फेसात वापरायचे ते. हे चरबीत नाही, प्रोटीनला चिकटतं, म्हणून जुन्या पद्धतीत ते दिसलंच नव्हतं. मग स्वीडनमधल्यांनी १९६८ पासूनची अंडी फ्रीजरमधून काढून तपासली. १९६८ मध्ये एका ग्रॅममागे २५ नॅनोग्रॅम, २००३ मध्ये ६१४, आणि मध्येच १९९७ ला तर १३२४! १९६८ चं अंडं ज्याने ठेवलं त्याला हे नावही माहीत नसणार, तरी त्याने ठेवलं. मला हेच भारी वाटतं.

पुढच्या रांगेतली ही छोटी विचारतेय, मग पक्ष्याचं बाळ गेलं ना? हो गं, गेलं. म्हणून थोडीच उचलतात, तीही हंगामाच्या सुरुवातीची, कारण लवकर गेलं तर गिलेमॉट बऱ्याचदा दुसरं घालतो. पण तुझं म्हणणं खोटं नाही.

आता हे स्वीडनचं इथे का सांगतोय. इटलीत त्रिस्सिनोला पीएफओएसच्याच खानदानातली रसायनं बनवणारा एक कारखाना होता, भोवतालच्या गावांचं पिण्याचं पाणी नासलं, २०१८ मध्ये त्याचं दिवाळं निघालं, २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने अकरा जणांना शिक्षा सुनावल्या. त्याची मशिनरी विकली गेली ती आली आपल्या रत्नागिरीत, लोटे परशुरामला. तिथे काही चुकीचं चाललंय असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला माझ्याकडे काही नाही. मी एवढंच विचारतोय की आजचं अंडं कुणाच्या फ्रीजरमध्ये आहे?

वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. त्यातलं पिल्लू न निघालेलं, वाया गेलेलं अंडंसुद्धा वनखात्याच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही, कायदा १९७२ चा आहे आणि बरोबरच आहे. तर अर्ज करावा लागेल. मी मसुदा आणलाय, चहा घेताना ज्यांना वाचायचाय त्यांनी वाचा, आणि हे कोंबडीचं अंडं कुणीतरी घरी न्या, माझ्या पिशवीत फुटेल.