शाळेच्या बसचा हेडलाइट लागत नाही तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

जानेवारीत नागपुरात सूर्योदय पावणेसातनंतर होतो. हिंगणा किंवा कामठी मार्गावरून मुलांना घ्यायला निघालेली शाळेची बस मात्र त्याआधीच रस्त्यावर असते. अशा अंधारात, कधी धुक्यात, तिचा एक हेडलाइट बंद असेल तर समोरून येणाऱ्याला ती दुचाकी वाटू शकते आणि बसच्या खऱ्या रुंदीचा अंदाज त्याला येत नाही. म्हणून आज बसचे चालक, मालक आणि वायरमन मंडळींशी या एकाच बिघाडाबद्दल बोलायचे आहे.

दिवा लागला नाही की आपला हात आधी बल्बकडे जातो. त्यापूर्वी नेमके काय बंद आहे, ते पाहावे. दोन्ही बाजूंचे दिवे एकदम गेले असतील तर दोष बहुधा रिले (स्विचच्या इशाऱ्यावर दिव्यांचा प्रवाह जोडणारा भाग), स्विच किंवा मुख्य फ्यूज यांसारख्या सामाईक भागात असतो. एकाच बाजूचा गेला असेल तर त्या बाजूचा बल्ब, फ्यूज, होल्डर आणि अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या ऋण टोकाकडे परतणारी जोडणी, तपासावी. फ्यूज जळलेला निघाला तर तितक्याच अँपिअरचा नवा बसवावा. तिथे तार गुंडाळली तर पुढच्या शॉर्टसर्किटला फ्यूजऐवजी वायरिंग पेटते, आणि मुलांच्या गाडीत असे करणे मी अक्षम्य मानतो. बल्ब घेताना व्होल्टेज वाचून घ्यावे, कारण मोठ्या बस बहुतेक 24 व्होल्टच्या आणि लहान गाड्या 12 व्होल्टच्या असतात. 12 चा बल्ब 24 वर क्षणात उडतो. हॅलोजन बल्बच्या काचेला उघडे बोट लावू नये, बोटांच्या तेलकटपणामुळे ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

आता ज्या दोषात सर्वाधिक वेळ वाया जातो, त्याकडे वळतो. बल्ब नवा आहे, फ्यूज शाबूत आहे, बल्ब काढून होल्डरमध्ये मल्टिमीटर (व्होल्टेज मोजणारे मीटर) लावला तर तो पुरे 24 व्होल्ट दाखवतो, आणि तरीही दिवा लागत नाही किंवा मिणमिणतो. याचे कारण असे की मल्टिमीटरला अगदी नाममात्र करंट लागतो, तर 24 व्होल्टच्या 70 वॉटच्या बल्बला जवळपास 3 अँपिअर लागतात; तारेचा एकच धागा शाबूत राहिलेल्या किंवा गंजलेल्या जोडातून मीटरपुरता प्रवाह येतो, बल्बपुरता येत नाही. म्हणून तपासणी दिवा चालू ठेवूनच करावी. मीटरची एक तार बल्बच्या अर्थ पिनला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली की आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. तो दोन-तीन व्होल्ट आला तर अर्थ खराब आहे, बल्ब नव्हे. इंडिकेटर दिला की हेडलाइटही त्याच्याबरोबर लुकलुकत असेल, तर तीही बहुतेक वेळा अर्थचीच खूण असते. दिवा लागतोय ना, एवढ्यावर समाधान मानू नये, कारण बल्बपर्यंत पोहोचणारे व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटले तर उजेड सुमारे 30 टक्क्यांनी घटतो.

आपल्याकडे या दोषाला हवामानाचीही साथ मिळते. विदर्भातल्या उन्हाळी सुट्टीत बस अनेक आठवडे 45 अंशांच्या उन्हात उभी राहते, वायरचे वेष्टन कडक होऊन तडकते, उंदीरही कुरतडतात. शाळा सुरू होतात जूनच्या अखेरीस, म्हणजे ऐन पावसाच्या तोंडावर, आणि त्या भेगांतून पाणी जोडांत शिरते. सुट्टी संपण्यापूर्वीच अर्थचा बोल्ट सोडवून, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने खरवडून, पत्रा चकचकीत झाल्यावर तो घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी.

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू ठेवून दिवे दहा मिनिटे जळू द्यावेत, मग ते बंद करून होल्डरच्या मागचा जोड जपून चाचपावा. एका बाजूचा जोड दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त गरम लागला, तर आत पिन सैल आहे. तो होल्डर त्याच दिवशी बदलावा.