खोक्यांचे चित्ररथ

श्रोतेहो, नमस्कार.

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या पाहिलेल्या सोलापूरच्या पोरांना मिरवणूक काय असते, हे शिकवावं लागत नाही. ती श्रद्धेची गोष्ट. तिची वर्गात नक्कल नको. पण पोरांची ही हौस अभ्यासाच्या कामी आणायची, तर गोव्याचा कार्निव्हल उत्तम. ख्रिस्ती लोकांचा 40 दिवसांचा उपवासकाळ सुरू होण्याआधीचे चार दिवस, कार्निव्हलचा राजा झालेल्या किंग मोमोचं फर्मान, रस्त्याने निघालेले चित्ररथ. एवढं सांगितलं की चौथीचा वर्ग कामाला लागतो.

विषय मात्र घरचाच घ्या. आपली चादर घ्या. चपलांच्या खोक्यांचे पाच रथ करायचे: कापूस, सूत, रंग, माग आणि तयार चादर. आता रंगाचा रथ मागाच्या आधी की नंतर? इथे भांडण ठरलेलं. निम्मी मुलं म्हणणार, आधी विणायचं, मग रंगवायचं. अशा वेळी पूर्व भागातलं, घरी यंत्रमाग असलेलं एखादं पोर उठतं, "सूत आधी रंगवतात. नाहीतर नक्षी कुठून येणार?" बरोबर आहे त्याचं. जकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी विणायच्या यंत्रावर, रंगीत धागेच वर-खाली होतात आणि मोर उमटतो.

चाकांना बाटलीची झाकणं, आसाला खराट्याची काडी. भोक मधोमध पडलं नाही की रथ लंगडतो. मग वर्तुळाचं केंद्र शोधल्यावाचून सुटका नाही. झाकणाच्या कडेला लाल ठिपका द्या. व्यास 3 सेंटीमीटर असेल, तर एका फेरीत रथ साधारण साडेनऊ सेंटीमीटर सरकतो. फळ्यापासून दारापर्यंत किती फेऱ्या? मुलांनी आधी आकडा लिहायचा, मग रथ ढकलायचा.

सजावटीला गणवेश शिवणाऱ्यांकडच्या चिंध्या मागून आणा, खळ मैद्याची करा. थर्माकोल नको.

पालकांना मात्र हात जोडून सांगणं आहे, रथाला हात लावू नका. रात्री जागून बापाने केलेला चकचकीत रथ लगेच ओळखू येतो, आणि त्याचे गुण बापालाच द्यावे लागतात.

मिरवणूक पहिली-दुसरीच्या वर्गांपुढून न्या. प्रत्येक रथ थांबवायचा, आणि लहान मुलांनी विचारायचं, "तुझ्या रथात काय चाललंय?" उत्तर मराठीत येवो, कन्नडमध्ये येवो की तेलुगूत. बाईंनी मध्ये बोलायचं नाही.