सिंहगड नेमका किती चढलो?

मागे आवाज येतोय ना? बरं. विषय दिलाय 'सायकल कंप्युटरवर उंची अचूक कशी मिळवायची' आणि वेळ दिलाय वीस मिनिटं, त्यामुळे आधी भांडणाबद्दल बोलून घेतो, उपाय शेवटी बघू.

भांडण तुम्ही सगळ्यांनी केलेलं आहे. सिंहगडाच्या पायथ्याला गोळेवाडीच्या नाक्यावरून दोघं एकत्र निघाले, रस्ता तोच, गडावर दह्याचं मडकं हातात घेऊन सायकलच्या हँडलवरचे कंप्युटर शेजारी शेजारी धरले तर एकाचा गेन, म्हणजे एकूण चढ, 540 मीटर आणि दुसऱ्याचा 610. की झालं, खाली उतरेपर्यंत ग्रुपवर स्क्रीनशॉट सुरू. आमच्यात एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेत, त्यांना तर हिशोब जुळल्याशिवाय झोपच येत नाही. (हसू नका, ते आज आलेत, तिसऱ्या रांगेत.) तर गेल्या पावसाळ्यात काकांचा ग्राफ अर्धा घाट सपाट, आणि मग एकदम भिंत, जागच्या जागी 90 मीटर वर! कुणीतरी ग्रुपवर टाकलं, 'काका लिफ्टने गेले का?' काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मग यंत्र घेऊन सर्व्हिसला गेले, तिथे सांगितलं की पावसात वापरू नका. अरे, वॉटरप्रूफ म्हणून विकलंत ना! यावर काका अजून मेल लिहितायत, आणि माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे.

पण यंत्र बिघडलेलं नव्हतंच. बहुतेक चांगल्या कंप्युटरच्या पाठीला बारीक भोकं असतात, त्यामागे बॅरोमीटर, तो हवेचा दाब बघतो आणि त्यावरून उंची काढतो. भोकावर पाण्याचा थेंब बसला की आतला दाब अडकतो, थेंब निघाला की ग्राफ उडी मारतो. बास, एवढंच. आणि कृपा करून तिथे टाचणी घालू नका, मी बघितलेत लोक. साध्या पाण्याने धुवा, झटका, वाळू द्या.

आता कुणीतरी विचारणारच की जीपीएस आहे तर बॅरोमीटर कशाला. कारण सॅटेलाइट सगळे डोक्यावर, पायाखाली एकही नाही, म्हणून उभ्या दिशेची चूक आडव्यापेक्षा मोठी येते, दीडपट दुप्पट सहज. शिवाय गंमत बघा, जीपीएस उंची मोजतो ती पृथ्वीच्या एका गणिती आकारापासून, आणि आपल्याकडे समुद्र त्या आकाराच्या बराच खाली आहे. मुंबईला साधारण 60-65 मीटर! म्हणजे कच्चा आकडा दाखवला तर गिरगाव चौपाटीवर सायकल वाळूत उभी आणि स्क्रीनवर उणे साठ. यंत्रात दुरुस्तीचा तक्ता असतो म्हणून आपल्याला हे दिसत नाही, नाहीतर काकांनी अजून एक मेल लिहिला असता.

बॅरोमीटरची भानगड वेगळी. वर जावं तसा दाब उतरतो, पुण्याच्या उंचीला दाब 1 हेक्टोपास्कलने (हे दाबाचं माप) उतरला म्हणजे जवळपास 9 मीटर चढ. आणि आपल्या पट्ट्यात दाब रोज ठरल्यासारखा वरखाली होतो, पहाटे चारच्या सुमारास कमी, सकाळी दहाच्या आसपास जास्त, दुपारी चारला परत कमी. साडेपाचला निघून दहाला घरी आलात की कंप्युटर म्हणतो सोसायटी पंधरा-वीस मीटर खचली. खचली नाही हो, दाब वाढला. राईड संपली की घरचा पहिला आणि शेवटचा आकडा बघायची सवय लावा, फरक जेवढा तेवढी हवेने केलेली लबाडी.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. म्हणजे ज्यासाठी आलो ते आता पळत पळत.

यंत्राचं गणित धरून चालतं की समुद्रसपाटीला 15 अंश तापमान आहे आणि वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी उतरतं. आता आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कुठे हो 15 अंश? गरम हवा विरळ, तेवढंच चढून दाब कमी उतरतो, म्हणून बहुतेक यंत्रं चढ कमी दाखवतात, हवा त्या गणितापेक्षा 20 अंश गरम असेल तर साधारण 7 टक्के. सिंहगडावर चाळीसेक मीटर गेले! उन्हात घाम आपण गाळायचा आणि वर मीटर कापून घ्यायचे, माझी खरी तक्रार ही आहे, आणि यावर सेटिंगमध्ये फारसा उपाय नाही.

बाकीचं करता येतं. एसी खोलीतून काढून लगेच निघू नका, दहा मिनिटं बाहेर ठेवा, सिग्नल लागू द्या. सुरुवातीची उंची हाताने भरा, नेहमीच्या ठिकाणाची सेव्ह करून ठेवा. ती कुठून आणायची? रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली असते, पुण्याची 560 मीटर, फुकट. यात सुरुवातीचा आकडा सुधारतो, एकूण गेन नाही, हे काका लिहून घ्या. आणि स्ट्राव्हा, म्हणजे राईड नोंदवायचं ॲप, त्यातलं 'करेक्ट एलेव्हेशन' यंत्राची उंची काढून नकाशावरची बसवतं, ते बॅरोमीटर नीट चालला असेल तर दाबू नका, नकाशावरची उंची घाटात दरीच्या कडेला रस्ता सोडून दरीतलीच धरते, बोगद्यात तर डोंगराच्या माथ्याची. पावसात ग्राफ सपाट झाला असेल तेव्हा मात्र बिनधास्त दाबा. चला, प्रश्न चहाला.