आधी न्याहारी

(पहाट. वसई, पाचूबंदर. अंधारात आधी इंजिनांचा आवाज, मग होड्यांचे दिवे.)

होडी बंदराकडे येताना किनाऱ्यावरची माणसं एकच गोष्ट बघतात, ती पाण्यात किती बसलीय. भरलेली होडी दबून येते. रिकामी वर तरंगत येते, आणि मग कोणी कोणाला काही विचारत नाही.

आमच्या घरी आजीचा नियम होता. दर्यावरून आलेल्या माणसाच्या हातात आधी चहा द्यायचा, पुढ्यात भाकरी ठेवायची. मासळी किती, डिझेल किती जळलं, जाळं कुठे फाटलं, ते सगळं नंतर. देव कसा असतो हे मला या नियमातून कळलं. कसं, ते सांगायलाच हे चित्रण केलं आहे.

(किल्ल्याची तटबंदी. छपरं कोसळलेली देवळं. भिंतीतून उगवलेले वड-पिंपळ.)

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. क्रूस आणि तलवार एकाच गलबतातून या किनाऱ्यावर उतरले, हे आम्हाला ठाऊक आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. पण सत्ता जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. किल्ल्यातली देवळं पडली. होय, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो. तरी कोळीवाड्यातली माणसं दर रविवारी मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, जातात. पावसाळ्याची मासेमारीबंदी संपून होड्या पाण्यात उतरायच्या असल्या की फादर येऊन त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. राजा गेला, फर्मानं गेली. उरली ती गालीलातल्या एका माणसाची गोष्ट.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांपैकी एकात, फिलिप नावाचा शिष्य येशूला म्हणतो, आम्हाला पिता दाखव, म्हणजे झालं. येशू उत्तर देतो: ज्याने मला पाहिलं, त्याने पित्याला पाहिलं आहे.

३२५ साली निकाया इथे भरलेल्या ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांच्या सभेत हेच श्रद्धेच्या भाषेत मांडलं गेलं: पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे, म्हणजे येशू आणि देव यांचं मूळ स्वरूप एकच. हे वाक्य आम्ही लहानपणीच पाठ केलं होतं. पण माझ्या मनातला देव वेगळाच होता. वर बसून प्रत्येकाच्या चुका वहीत लिहिणारा. येशू प्रेमळ होता, पण तो जणू त्या कडक देवाकडे आमच्यासाठी रदबदली करणारा कोणी मध्यस्थ. फिलिपला मिळालेलं उत्तर नीट ऐकलं तर असा कडक देव मागे कुठे उरतच नाही. येशू ज्याला जवळ घेतो, त्याला देवच जवळ घेत असतो. म्हणून ख्रिस्ती माणसाला देवाविषयी काही कळायचं असेल, तर त्याला येशूच्या आयुष्याकडे बघावं लागतं. तो कोणाबरोबर जेवला, कुठे थांबला, कशाने रडला.

इथून दक्षिणेला, गोव्यातल्या साष्टीत, फादर थॉमस स्टीफन्स नावाच्या जेजुइट संघाच्या इंग्रज धर्मगुरूने ही गोष्ट मराठी ओव्यांत सांगितली. १६१६ साली राचोलला ते ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! देव सांगायचा तर कथा सांगावी लागते, आणि कथा सांगायची तर ऐकणाऱ्याच्या बोलीत आणि चालीत, हे त्याला उमगलं होतं.

(ओल्या वाळूत उमटलेली पावलं. लाट येऊन ती पुसते.)

एक कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. तुझी इच्छा असेल तर मला शुद्ध करशील, म्हणतो. अशा माणसाने वस्तीबाहेर राहायचं, लोक दिसले की लांबूनच ‘अशुद्ध, अशुद्ध’ असं ओरडायचं, हा तिथला नियम. दुसऱ्या एका शुभवर्तमानात मार्क लिहितो की येशूने हात पुढे केला, त्याला स्पर्श केला, आणि मग म्हटलं: माझी इच्छा आहे, शुद्ध हो. हा क्रम बघा. माणूस बरा झाल्यावर हात लावलेला नाही. किती वर्षांनी कोणाचा तरी हात त्याच्या अंगाला लागला असेल!

आणि तो वादळाचा प्रसंग. होडीत पाणी भरतंय, शिष्य घाबरलेत, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर झोपलाय. १९८६ साली गालीलच्या सरोवराचं पाणी आटलं तेव्हा गाळात त्याच काळातली एक लाकडी होडी सापडली. जेमतेम आठ मीटर लांब. एवढ्याशा होडीत दिवसभराच्या श्रमाने झोपलेला देव. वाऱ्याला शांत करणारा येशू सगळ्यांना आठवतो. मला आधी तो झोपलेला दिसतो, कारण दमून होडीतच झोपी गेलेली माणसं मी इथे रोज बघतो.

(किनाऱ्यावर पेटलेले निखारे. मागे फिकट होत जाणारा अंधार.)

शेवटचा प्रसंग योहानाने अगदी अखेरीस ठेवला आहे. येशूला क्रुसावर दिलं, तो पुन्हा उठला, शिष्यांना दिसलाही. तरी त्यांच्यातला पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. सात जण जातात. रात्रभर जाळ्यात काही लागत नाही. उजाडताना किनाऱ्यावरून कोणीतरी हाक मारतं: उजवीकडे जाळं टाका. जाळं ओढवेनासं होतं. मोठे मासे, एकशे त्रेपन्न. होडीतल्या कोणीतरी ते मोजले. अशा वेळीही मासे मोजणार ते कोळीच.

काठावर येतात तर कोळशाची आग पेटलेली, तिच्यावर मासा, बाजूला भाकर.

कोळशाच्या आगीसाठी योहानाने इथे जो ग्रीक शब्द वापरला, तो नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागात, दोनदाच येतो. पहिल्यांदा येतो तो येशूला धरून नेलं त्या रात्री. थंडी होती, महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात नोकरांनी कोळशाची आग केली होती. पेत्र तिथे शेकत उभा होता, आणि त्या रात्री त्याने मी त्याचा नाही असं तीनदा सांगितलं.

आता पुन्हा तोच निखारा, तोच वास. पेत्राला ती रात्र आठवली नसेल असं मला वाटत नाही. येशू काय म्हणतो? या, न्याहारी करा. हातांवर खिळ्यांचे व्रण. त्या हातांनी तो भाकर घेतो, त्यांना देतो, तसाच मासाही. पेत्रालाही देतो. का नाकारलंस, असं विचारत नाही.

त्यांचं खाणं झाल्यावर तो पेत्राकडे वळतो. ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ तीनदा विचारतो, जितक्यांदा नाकारलं होतं तितक्यांदा. तिसऱ्यांदा पेत्र दुखावतो. प्रभू, तुला सगळं ठाऊक आहे, म्हणतो. आणि ज्याने असा दगा दिला, त्याच्याच हाती येशू आपली मेंढरं सोपवतो.

(पाचूबंदर. उजाडलंय. एक होडी वर तरंगत आत येते. काठावरची बाई चहाची किटली घेऊन पाण्याच्या दिशेने चालू लागते.)