लाईट आली, मेत्सामोरहून

(पडद्यावर एक आलेख. 1990 पासून रेघ कड्यावरून कोसळावी तशी खाली येते.)

हा आलेख आर्मेनियाचा आहे. दर वर्षी या देशातून किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, त्याचा. 1990 नंतरच्या चार-पाच वर्षांत आकडा पाव हिश्शाच्याही खाली गेला. एवढी घट ठरवून करायची म्हटली, तर कुठल्याही सरकारला घाम फुटेल. आर्मेनियाने ती ठरवून केलेली नव्हती. त्या दिवसांना तिथे एक नाव आहे: 'अंधाराची आणि थंडीची वर्षं'.

(राजधानी येरेवान. जुनी कृष्णधवल छायाचित्रं. पाच-सहा मजली इमारतींच्या खिडक्यांतून बाहेर आलेली धुराडी.)

या खिडक्या नीट बघा. एक काच काढून तिथे पत्रा ठोकलाय, पत्र्याला भोक पाडलंय आणि त्यातून नळी बाहेर काढलीय. नळीच्या आतल्या टोकाला पत्र्याची छोटी शेगडी. तिचं रशियन नाव बुर्झुयका. फ्लॅटमधल्या एकाच खोलीत ती पेटायची आणि सगळं घर त्याच खोलीत राहायचं. शेगडीत आधी बागेतली झाडं गेली, मग रस्त्याकडेची. काही घरांत जमिनीच्या लाकडी फळ्या गेल्या, पुस्तकं गेली. वीज दिवसातून एखादा तास, फार तर दोन.

ती आली की जिन्यातून ओरडा व्हायचा: "लुईसेरे एकान!" म्हणजे दिवे आले. आर्मेनियन भाषेत 'लुईस' म्हणजे उजेड, आणि बोलताना वीजसुद्धा. आपण नाही का, पंखा फिरायला लागला तरी "लाईट आली" म्हणतो, तसंच. चोरून घेतलेल्या विजेलाही त्यांच्याकडे शब्द होता, 'डावी लाईट'. रुग्णालयाच्या किंवा मेट्रोच्या तारेवरून, जिथे वीज जात नाही तिथून, लोक वायर ओढून आणायचे. आपल्याकडे याला आकडा टाकणं म्हणतात.

(नकाशा. आर्मेनिया, चहूबाजूंनी जमीन.)

देश केवढा? क्षेत्रफळ साधारण आपल्या कोकण विभागाएवढं, फक्त किनारा नाही. लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे पुणे शहराहूनही कमी. जमिनीखाली तेल नाही, वायू नाही, सांगण्यासारखा कोळसाही नाही. म्हणून सोव्हिएत काळात इथे अणुवीज केंद्र उभं राहिलं. येरेवानच्या पश्चिमेला तीसेक किलोमीटरवर, मेत्सामोरला. पहिली अणुभट्टी 1976 साली सुरू झाली, दुसरी 1980 साली. दोन्ही मिळून आठशे मेगावॅटच्या थोड्या वर. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे, त्याच्यापुढे हे किरकोळच. पण देशाची जवळजवळ एक तृतीयांश वीज इथून यायची.

मग 7 डिसेंबर 1988. सकाळी 11 वाजून 41 मिनिटं. स्पिताक परिसरात 6.8 रिश्टरचा भूकंप. किमान 25,000 माणसं गेली. मेत्सामोर केंद्रस्थानापासून सुमारे 75 किलोमीटरवर होतं. त्याला इजा झाली नाही, त्या दिवशी ते चालूच राहिलं. पण चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या अपघाताला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. हे केंद्र नको म्हणून लोक त्याच्या आदल्याच वर्षी येरेवानच्या रस्त्यावर उतरले होते. 1989 च्या फेब्रुवारीत एक भट्टी थंडावली, मार्चमध्ये दुसरी.

त्या लोकांना आज बोल लावणं सोपं आहे. मला ते पटत नाही. घरातली माणसं ढिगाऱ्याखालून काढल्याला तीन महिने झालेत, आणि शेजारी अशी अणुभट्टी, जिला पाश्चिमात्य भट्ट्यांसारखं काँक्रीटचं जाड संरक्षक कवच नाही. अशा वेळी 'बंद करा' म्हणणं चुकीचं कसं?

पुढचं कुणाच्या हिशोबात नव्हतं. सोव्हिएत संघ फुटला, कारखाने बसले. नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशावरून शेजारच्या अझरबैजानशी युद्ध पेटलं. अझरबैजानने रेल्वे आणि गॅस तोडला, 1993 साली तुर्कस्ताननेही सीमा बंद केली. उरली जॉर्जियातून येणारी एक गॅसवाहिनी, तीही त्या जानेवारीत स्फोटाने उडाली. औष्णिक केंद्रं होती, जाळायला काही नव्हतं.

(सेवान तलाव. काठावरच्या टेकडीवर काळ्या दगडाचं जुनं मठ-मंदिर.)

राहिलं पाणी. हा सेवान तलाव, समुद्रसपाटीपासून 1,900 मीटर उंचावर. समोरचा मठ पूर्वी बेटावर होता. आता तिथे चालत जाता येतं. कारण 1930 च्या दशकापासून शेतीसाठी आणि विजेसाठी तलाव उपसला गेला. पातळी जवळजवळ वीस मीटर उतरली आणि बेटाचा भूशीर झाला. पुढे तो भरून काढायला डोंगरातून 48 किलोमीटरचा बोगदा खणून दुसऱ्या नदीचं पाणी आणलं, तो 1981 साली सुरू झाला. अंधाराच्या वर्षांत मात्र तलावाचे दरवाजे पुन्हा उघडावे लागले. खाली ह्राझदान नदीवर जलविद्युत केंद्रांची साखळी आहे, तिच्यासाठी.

सुरुवातीचा आलेख आठवा. जलविद्युत म्हणजे जवळपास शून्य कार्बन. तलाव उतरला, ते त्यात दिसत नाही. बागांतली झाडं चुलीत गेली, तीही त्या रेघेत धरलेली नाहीत. फ्लॅटमध्ये खोकणारी म्हातारी माणसं तर सोडाच. रेघ खाली आली एवढंच दिसतं.

(मेत्सामोर. जर्दाळूच्या बागांमागे शीतन मनोऱ्यांची वाफ. क्षितिजावर अरारात पर्वत.)

1993 साली सरकारने ठरवलं, भट्टी पुन्हा पेटवायची. रशियन तंत्रज्ञ आले. भूकंपाच्या दृष्टीने बळकटी केली, यंत्रणा बदलल्या. सहा वर्षांहून जास्त काळ बंद असलेली अणुभट्टी पुन्हा सुरू करणं जगाच्या सवयीचं नव्हतं. 1995 च्या नोव्हेंबरात दुसरी भट्टी वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडली गेली. पहिली कायमची बंदच राहिली. येरेवानमध्ये दिवसभर वीज राहू लागली, खिडक्यांतल्या नळ्या निघाल्या.

तेव्हापासून हे एकच यंत्र देशाला साधारण तीस ते चाळीस टक्के वीज देतं. वर्षाला अडीच अब्ज युनिटच्या आसपास. हीच वीज गॅसवर करायची म्हटली तर चांगल्या केंद्रातही युनिटमागे चारशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धुराड्यातून जातो. म्हणजे वर्षाला दहा लाख टन. संपूर्ण देशाचं वार्षिक उत्सर्जन सत्तर लाख टनांच्या घरात आहे, त्यात दहा लाखांची भर काय असते ते बघा. खाणीपासून मोडतोडीपर्यंतचं सगळं धरूनही अणुविजेला युनिटमागे 12 ग्रॅम आणि गॅसला 490, असा मधला आकडा हवामानविषयक आंतरसरकारी समितीने 2014 साली दिला होता.

आणि तरीही हे स्वातंत्र्य नव्हे. गॅस रशियाचा, अणुइंधनही रशियाचं. तुर्कस्तान आणि अझरबैजानच्या सीमा बंद झाल्या, म्हणून ते इंधन विमानाने येऊ लागलं. दक्षिणेला इराणशी एक साधा सौदा आहे: एक घनमीटर गॅस घ्यायचा, तीन युनिट वीज द्यायची. त्या गॅसपासून आधुनिक केंद्रात तीनपेक्षा जास्त युनिट निघतात, वरची वीज आर्मेनियाची. वाण्याच्या दुकानात शोभावा असा व्यवहार, पण चालतो.

(केंद्राच्या आतील दृश्य. अणुभट्टीचं पात्र.)

युरोपीय संघाला हे केंद्र नको आहे. बंद करण्यासाठी त्याने दहा कोटी युरो देऊ केले होते, ते आर्मेनियाला पुरेसे वाटले नाहीत. भीती खोटी नाही. भट्टी जुनी आहे, तुर्कस्तानची सीमा 16 किलोमीटरवर आहे आणि खालची जमीन हलणारी आहे.

मग 2021 साली हे केलं. वर्षानुवर्षं न्यूट्रॉनांचा मारा झाला की पात्राचं पोलाद ठिसूळ होत जातं, विशेषतः जोडावर. त्याची लवचीकता परत आणायची तर ते तापवावं लागतं. केंद्र 141 दिवस बंद ठेवलं. पात्र रिकामं करून आत विजेची भट्टी उतरवली, जोडाचा पट्टा 475 अंश सेल्सिअसपर्यंत नेला, दीडशे तास तसाच ठेवला आणि मग सावकाश निवू दिला. कुठल्याही लोहाराला ही क्रिया ओळखीची वाटेल. फरक इतकाच की लोहार लोखंड हातात धरून बघू शकतो.

त्यानंतरचा परवाना 2026 पर्यंतचा होता. तो 2036 पर्यंत न्यायचं काम हाती घेतलं गेलं. त्यापुढची भट्टी छोटी, कारखान्यात बनवून आणलेली असावी, असा सरकारचा कल दिसतो. ती कुणाकडून घ्यायची यावर मॉस्कोपासून वॉशिंग्टनपर्यंत बोलणी होतात. माळरानांवर सौर पॅनेल वाढतायत, पण जानेवारीत अंधार सहाच्या सुमारास होतो.

(शेवटचं दृश्य. मनोरे, वाफ नाही.)

इंधन बदलायला ही भट्टी वर्षातून एकदा थांबते. तेवढे आठवडे मनोऱ्यांवर वाफ दिसत नाही. ह्राझदान आणि येरेवानच्या केंद्रांत गॅस जास्त जळतो. येरेवानमध्ये दिवे लागलेलेच असतात.