परतीचं भाडं

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांचा खडखडाट दिवसभर चालू असतो. संध्याकाळ झाली की त्याच गल्ल्यांत दुसरी घाई सुरू होते. चादरी, टॉवेल, नॅपकिन पिशवीत भरायचे, लेबल चिकटवायचं, तेही कुरिअरची गाडी यायच्या आत. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली ही सोलापुरी चादर पूर्वी व्यापाऱ्यांकडे गठ्ठ्यांनी जायची. आता एकेक नग थेट गिऱ्हाइकाच्या दारात जातो आणि भाडंही नगागणिक लागतं.

कुरिअरची गाडी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पाच पार्सलांसाठी येवो की पन्नास. डिझेल तेवढंच, ड्रायव्हरचा पगार तेवढाच. रात्री पुण्याकडे अर्धी भरून निघाली तरी टोल पूर्ण. म्हणून दर महिन्याला भरपूर माल देणाऱ्याला दर कमी करून मिळतो. घरी चार बायका बसून पॅकिंग करतात, त्या छोट्या उद्योगाला तो मिळत नाही, आणि हे मनाला लागतं. कारण चादर दोघांचीही तीच असते.

पण दर पाडून घेतला तरी रिटर्न तो खाऊन टाकतात. समजा, जाण्याचं भाडं ८० रुपये आणि परतीचं ७०. शंभर पार्सलं गेली, वीस परत आली. जाण्याचे ८,००० आणि परतीचे १,४०० रुपये. विकल्या गेल्या ऐंशीच चादरी. म्हणजे विकलेल्या प्रत्येक चादरीवर भाडं बसलं ११७ रुपये ५० पैसे. परत आलेली चादर बघा: पिशवी फाटलेली, घडी मोडलेली, कडेला धुळीचा पट्टा. ती पुन्हा झटकायची, पुन्हा इस्त्री, पुन्हा नवी पिशवी. नॅपकिनच्या नफ्यात एवढं सगळं बसतच नाही.

कॅश ऑन डिलिव्हरीत हे जास्त घडतं. गिऱ्हाइकाने आधी काही दिलेलं नसतं, त्यामुळे दारात आलेलं पार्सल नाकारायला त्याचं काही जात नाही. डिलिव्हरी बॉयलाही त्याच पत्त्यावर पुन्हा पुन्हा खेपा पडतात.

म्हणून माल निघण्याआधीचा एक फोन फार मोलाचा. “ताई, सोलापूरहून बोलतोय. तुमची चादर आज निघतेय. पत्त्यात घर नंबर दिसत नाही, जवळची खूण सांगता का? आणि रंग मरूनच ना?” एवढ्यात चुकीचा पत्ता सापडतो आणि घ्यायचीच नसलेली ऑर्डरही तिथेच कळते.

दुसरा उपाय गल्लीतच आहे. पाच-सहा घरांनी एकाच ठिकाणाहून, एकाच खात्यावर माल द्यायचा. संख्या वाढली की दराचं बोलणं करता येतं. मात्र रिटर्नचा हिशेब ज्याच्या त्याच्या नावावर वेगळा लिहावा लागतो, नाहीतर एकाच्या परतीचं भाडं बाकीच्यांच्या चादरींवर चढतं.