मावशींचा अंगठा

नमस्कार श्रोतेहो. आज वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरातल्या स्वच्छतेविषयी बोलायचं आहे. नखं कापलेली, केस बांधलेले, अंगठ्या काढलेल्या, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मला सांगायची आहे ती मावशींची गोष्ट.

माझी आत्या उपनगरातल्या एका वृद्धाश्रमात होती. कोजागरीला मी तिला भेटायला गेलो, तर स्वयंपाकाच्या मावशी ओट्यापासून लांब, दाराशी उभ्या. सकाळी विळीवर अंगठा कापला होता. व्यवस्थापक म्हणत होते, "मावशी, दूध उकळणारच आहे की, जंतू मरतील."

मावशी म्हणाल्या, "साहेब, बदाम-पिस्त्याचे काप उकळल्यावर घालायचे. ते मीच करणार. आणि मग दूध बारा वाजेपर्यंत गच्चीत."

"मग परत एक उकळी काढू."

"उकळीनं जंतू मरतो साहेब, त्यानं सोडलेलं विष मरत नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

श्रोतेहो, अगदी खरं आहे हे. जखमेत, फोडात स्टॅफिलोकोकस नावाचे जंतू असू शकतात. कोमट दुधात ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष उकळूनही जात नाही. पुन्हा सांगतो, उकळूनही जात नाही. तरुण माणूस दोन उलट्या होऊन सावरतो. ऐंशीच्या आजींच्या अंगातलं पाणी तेवढ्यानंही धोक्याइतकं कमी होऊ शकतं. म्हणूनच अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत उघडी जखम असलेल्यानं अन्न हाताळायचं नाही, आणि अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी.

त्या स्वयंपाकघराला खिडकी एकच, तीही डक्टमध्ये उघडणारी. मुंबईत इमारत बांधताना उरलेला कोपरा स्वयंपाकघराला देतात, हे मला कधीच पटलेलं नाही. जिथे चाळीस माणसांचं जेवण शिजतं तिथे उजेड पहिला हवा.

असो. काप दुसऱ्या बाईंनी केले, साबणानं हात धुऊन, कोरडे करून. आणि मावशींनी आणखी एक केलं. चंद्राला एक वाटी दाखवली, बाकीचं पातेलं बारापर्यंत मंद आचेवर, वाफाळतं ठेवलं. गरम ते साठ अंशांच्या वर, गार ते पाचाच्या खाली. साठ आणि पाच, एवढे दोन आकडे लक्षात ठेवा. ऑक्टोबरातली मुंबईची रात्र या दोन्हींच्या मधे येते.

आत्यानं अर्धा पेला मागून घेतला. मावशींनी तो स्वतः दिला नाही, दुसऱ्या बाईंना द्यायला सांगितला. त्या दारातच उभ्या होत्या, पट्टी बांधलेला अंगठा पदरात धरून.